अहमदपुरातले सहाशे मीटर

मी मेट्रोच्या आखणीचं काम करते म्हटलं की आमच्या अहमदपुरात दोनच प्रश्न यायचे. लातूरला कधी येणार? आणि रेणापूरला थांबा असेल ना? माझी कचेरी दुसऱ्याच एका राज्याच्या राजधानीत आहे, ते शहर चहूबाजूंनी वाढतंय, तिथली पहिलीवहिली मेट्रो आम्ही आखतोय, लातूरशी तिचा काडीचा संबंध नाही, हे सांगून मी थकले. शेवटी नुसतं ‘बघू’ म्हणायला लागले. तेही चुकलं. आमच्याकडे ‘बघू’चा अर्थ ‘हो’ असा घेतात.

अप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, गुडघ्याचं लातूरला ऑपरेशन झालं तेव्हा मी महिनाभर घरी आले. आई शाळेत शिकवते, तिला परीक्षांमुळे रजा नव्हती. मी लॅपटॉप आणि त्या शहराच्या नकाशाची लांबलचक गुंडाळी घेऊन आले आणि दिवाणावर कचेरी मांडली. अप्पा उभा जन्म एसटीत कंडक्टर होते. माणूस दिवसभर चालत्या गाडीत उभा राहिलेला, आणि आता खुर्चीत बसून भिंतीकडे बघायचं. चौथ्या दिवशी त्यांनी काठीचं टोक माझ्या नकाशावर टेकवलं.

“बसस्टँड कुठाय?”

मी दाखवलं.

“आन् तुझं स्टेशन?”

तेही दाखवलं. नकाशावर दोन्हींत चार बोटांचं अंतर.

“किती चालायचं?”

“सहाशे मीटर, अप्पा. आठ मिनिटं.”

“कुणाची आठ मिनिटं?”

आठ मिनिटं आमच्या हिशोबाच्या पद्धतीत होती. ती नेमकी कुणाची, हे मी कधी विचारलंच नव्हतं. आमच्या कागदावरचा प्रवासी रिकाम्या हातांनी, सरळ रेषेत चालायचा. त्याला रस्त्यात कुणी भेटत नव्हतं आणि ट्रकही आडवा येत नव्हता.

“आपलं घर स्टँडपासून किती हाय?” अप्पांनी विचारलं.

मी मोबाइलवर मोजलं. सहाशे दहा मीटर. अप्पांचा चेहरा खुलला. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच.

“उद्या तुझी आत्या यायलीय,” ते म्हणाले. “तिला रिक्षात बसू देऊ नको.”

आत्या रेणापूरला राहते. भाऊ आजारी म्हणजे ती रिकाम्या हाताने येणार नाही, हे आम्हाला ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी अकराच्या गाडीतून ती उतरली तेव्हा तिच्याकडे ज्वारीच्या पिठाची पिशवी, लोणच्याची बरणी, कपड्यांची बॅग आणि कशासाठी कोण जाणे, एक नवा कोरा झाडू होता. मी सगळं उचलायला पुढे झाले असते, पण अप्पांनी बजावलं होतं की मोजणाऱ्याने हात लावायचा नाही. फार अवघड वाटलं.

“रिक्षा कुठाय?” आत्याने विचारलं.

“चालत जायचंय, आत्या.”

“कामून? संप हाय का रिक्षावाल्यांचा?”

मी काहीतरी पुटपुटले आणि मोबाइलवरचं घड्याळ सुरू केलं. मोठा रस्ता ओलांडायलाच चार मिनिटं गेली. मग बरणी या हातातून त्या हातात. मग पिशवी खाली ठेवून पदर सारखा करणं. मेडिकलच्या दुकानासमोर तिला तिच्या जावेच्या माहेरची एक बाई भेटली, आणि माझ्या घड्याळाची पर्वा न करता दोघींनी एका लग्नाची पूर्ण चौकशी केली. ऊन मी म्हणत होतं. घराच्या फाटकाशी मी घड्याळ थांबवलं. तेवीस मिनिटं.

अप्पा दारातच खुर्ची टाकून बसले होते. “किती?”

“तेवीस.”

“तरी तुझ्या नकाशातल्यासारखा नाला न्हाई मधी,” ते समाधानाने म्हणाले.

आत्याला सगळं कळलं तेव्हा तिने पाण्याचा तांब्या खाली ठेवला. “म्हंजे दादा, ज्या गावाचं मी तोंड पाह्यलं न्हाई, त्या गावासाठी मला उन्हात चालवलंस?”

“तुझ्यासारख्या बाया असतीलच ना तिथं.”

आत्या उठून आत गेली. मला वाटलं, चिडली. पण भाकरी खाता खाता ती म्हणाली, “माझ्या एकटीचं काय खरं धरता? लेकरू कडेवर घेतलेली बाई पाहिजे. एक पोटुशी पाहिजे. म्हातारी पाहिजे, माझ्याहून म्हातारी.”

दुसऱ्या दिवशी तिने गल्लीतल्या सहा जणी गोळा केल्या. सगळ्यांना हातात काही ना काही धरायला लावलं, पोटुशी तेवढी रिकाम्या हातांनी, आणि सगळ्यांना स्टँडवर नेऊन परत घराकडे चालवलं. मी वही घेऊन मागे. एकीने मधेच भाजी घेतली. मी तो वेळ वजा करू लागले तर आत्या म्हणाली, “वजा कामून? बाई स्टँडवरून घरी चालली आन् भाजी घेणार न्हाई?”

या सगळ्याचा व्हायचा तो परिणाम झाला. अहमदपुरात मेट्रोची मोजणी चालू आहे, ही बातमी सुटली. कोपऱ्यावरचा चपलांचा दुकानदार पेढे घेऊन अप्पांकडे आला. स्टेशन त्याच्या दुकानाला लागून व्हावं, अशी त्याची इच्छा होती. अप्पांनी पेढे ठेवून घेतले आणि कंडक्टरच्या आवाजात सांगितलं, “जागा न्हाई. मागची गाडी बघा.”

आठवड्याच्या बैठकीत मी हे सगळं ऑनलाइन मांडलं. आमच्या मोठ्या साहेबांनी ऐकून घेतलं.

“पाहणी किती जणांची?”

“सात.”

“शहर कुठलं?”

“अहमदपूर.”

पडद्यावरचे सगळे चौकोन हसले. मागून अप्पा, कॅमेऱ्यात दिसतील इतके वाकून, मोठ्यांदा म्हणाले, “सायबांना म्हण, एक बॅग घेऊन स्वतः चाला.” मी घाईने आवाज बंद केला, पण ते वाक्य गेलं होतं.

साहेब खरंच चालले. दोन दिवसांनी भर दुपारी, हातात बॅग घेऊन, तिथल्या बसस्टँडपासून आमच्या कागदी स्टेशनपर्यंत. त्यांचा फोन आला तेव्हा ते धापा टाकत होते. एकोणीस मिनिटं लागली होती, आणि वाटेत त्यांना कुणी ओळखीचं भेटलंही नव्हतं.

स्टेशन काही हलवता आलं नाही. मधे मोठा नाला होता, बाजूला उच्च दाबाच्या तारा. पण स्टेशनला एक जास्तीचं दार मिळालं, आणि त्या दारापासून नाला ओलांडून बसस्टँडच्या दिशेने उतरणारा छताचा पूल. उन्हातलं चालणं दोनशे मीटरवर आलं. नकाशावर तो पूल मी काढला तेव्हा आत्याला फोन केला. तिने विचारलं, “बसायला बाकडं हाय का मधी?” नव्हतं. मग दोन टाकली.

गेल्या हिवाळ्यात मी अप्पांना ते शहर दाखवायला नेलं. गुडघा आता चांगला झालाय. काम चालू होतं. पत्र्यांच्या कुंपणामागे खांब उभे राहिले होते, पुलाचा अजून पत्ता नव्हता. आत सोडणार नाहीत, हे मी आधीच सांगितलं होतं. अप्पा फाटकावरच्या पहारेकऱ्याशी हिंदीत बोलायला गेले, आणि दोन वाक्यांत कळलं की तो आमच्या शेजारच्याच जिल्ह्यातला, हिमायतनगरचा. मग हिंदी संपली. पहारेकऱ्याने आपलं स्टूल अप्पांना दिलं, स्वतः विटांवर बसला, आणि दोघांचं हिमायतनगरच्या जुन्या एसटीच्या वेळापत्रकावरून जोरात भांडण सुरू झालं. मी तासभर पत्र्याच्या सावलीत उभी होते. खांबांकडे अप्पांनी एकदाही मान वर करून पाहिलं नाही.