खुंटीला हात

आमच्या घरात तंबोऱ्याच्या खुंटीला हात लावायची मुभा फक्त अण्णांना होती. अण्णा म्हणजे माझे वडील, साताऱ्यात पाटबंधारे खात्यात कारकून. ऑफिसातून आले की हातपाय धुऊन, चहाच्याही आधी तंबोरा लावायचे आणि मग मला गायला बसवायचे. सात वर्षांची असल्यापासून मी गात होते, पण खुंटीकडं बोट नेलं की म्हणायचे, "तू गा. दुसऱ्याच्या परातीत भाकरी थापायला जाऊ नये." मला भारी राग यायचा. गायचं मी, आणि परात म्हणे दुसऱ्याची. पण तंबोरा जुळला की ते डोळे मिटून "लागला" म्हणायचे, आणि त्या एका शब्दासाठी आईसुद्धा फोडणी थांबवायची.

नव्वदनंतरची दोन-तीन वर्षं उलटली होती, मी एकोणीस वर्षांची होते. त्या गणपतीत अण्णा "लागला" म्हणाले आणि तंबोरा लागलेला नव्हता. मधल्या दोन तारा अगदी एका सुरात लागतात, त्यांना जोड म्हणतात. त्यातली एक केसभर चढी होती. दमले असतील, म्हणून मी सोडून दिलं. दुसऱ्या दिवशीही तेच. मग एकेक ध्यानात यायला लागलं. टीव्हीचा आवाज वाढत चालला होता, आणि दारात कुणी हाक मारली तरी ते पेपरातून मान वर काढत नव्हते.

आईला सांगितलं तर तिला आधीच ठाऊक होतं. "बोलू नकोस त्यांना," ती म्हणाली. "ऑफिस, आपण दोघी आणि तो तंबोरा, एवढंच आहे त्यांच्याकडं. तोही काढून घेतलास तर माणूस खचेल." मग मीही मूग गिळून बसले. रोज त्या चुकीच्या तंबोऱ्याकडं कान बंद करून गायला शिकले. याची मला आजही लाज वाटते.

दिवाळीनंतर माझी गाण्याची परीक्षा होती, सांगलीला. अण्णांनी रजा टाकली. एसटीत तंबोरा आम्हा दोघांच्या मांडीवर आडवा. कंडक्टर म्हणाला, "आवं, ह्या भोपळ्याला लय जपताय. पोरीपरीस?" अण्णा नुसते हसले. त्यांना ऐकू गेलंच नव्हतं. एवढ्या हादऱ्यांनी तारा उतरणार आणि तिथं परत लावाव्या लागणार, हे मला कळत होतं. कराड गेलं, इस्लामपूर गेलं. सांगावं तर अण्णा मोडतील, न सांगावं तर परीक्षेत बुडेन.

परीक्षेच्या खोलीत अण्णा माझ्या मागं तंबोरा घेऊन बसले. बराच वेळ लावला. "लागला," म्हणाले. जोड तशीच, चढी. मी सा लावायला तोंड उघडलं, तोच परीक्षक म्हणाले, "काका, जोड बघा जरा." अण्णा छेडत राहिले. "काका, जोड." अण्णांनी मान डोलावली. परीक्षक गाणं सुरू करा म्हणतायत, असं त्यांना वाटलं असावं. तबलजी खाली बघायला लागला. परीक्षक चिडले. "अहो, ऐकू येत नाही का?"

माझं डोकंच फिरलं. त्या माणसाला काय माहीत असणार, पण त्या क्षणी मला त्याचा गळा धरावासा वाटला. "नाही येत त्यांना ऐकू," मी म्हणाले. मी वळले, गुडघ्यांवर सरकले आणि खुंटीला हात घातला.

अण्णांनी माझ्याकडं पाहिलं. ते डोळे मी विसरलेले नाही. आधी राग, मग काहीच कळेना असं, आणि मग सगळं कळलं असं. त्यांनी हात काढून घेतला. मी त्यांचा हात धरून परत तारेवर ठेवला, "छेडत राहा," अशी खूण केली. बारा वर्षं नुसतं बघितलेलं काम. पहिल्यांदा फारच उतरवली, मग पिळताना तार तुटते की काय म्हणून जीव वर-खाली. अण्णा एका लयीत छेडत होते, माझ्यासाठी. शेवटी दोन्ही तारा मिळाल्या. मी काय गायले ते आठवत नाही. पास झाले.

परतीची एसटी पकडली. उंब्रजला गाडी थांबली, तेव्हा अण्णांनी भुईमुगाच्या शेंगा घेतल्या आणि विचारलं, "कधीपासून कळत होतं?"

"गणपतीपासून," मी म्हणाले. मोठ्यानं म्हणावं लागलं, पुढची माणसं वळून बघायला लागली.

"आणि आईला?"

"तिला त्याच्याही आधी."

"म्हणजे मीच तेवढा शेवटचा," ते म्हणाले. मग साताऱ्यापर्यंत शेंगा सोलून दाणे माझ्या हातावर ठेवत राहिले. एकही त्यांनी स्वतः खाल्ला नाही.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आले, हातपाय धुतले. आई आणि मी स्वयंपाकघरात एकमेकींकडं बघत उभ्या. आता तंबोरा माळ्यावर जाणार, असंच आम्हाला वाटत होतं. त्यांनी गवसणी काढली, तंबोरा माझ्यापुढं ठेवला आणि स्वतः समोर मांडी घालून बसले. मी लावायला घेतला. त्यांनी भोपळ्यावर तळहात टेकवला, डोळे मिटले. आईनं फोडणी थांबवली.

किती तरी वेळ झाला. मग त्यांनी डोळे उघडले आणि जन्मात कधी कुणाला विचारलं नव्हतं ते मला विचारलं.

"लागला का गं?"

मला रडू फुटलं. हो म्हणणं किती सोपं होतं. "अजून नाही, अण्णा," मी ओरडून सांगितलं, आणि त्यांनी मान हलवून तळहात परत भोपळ्यावर ठेवला.