इंजिनावरचा नंबर

सत्तर सालच्या सुमारास कर्जत स्टेशनाबाहेर कशेळ्याची जीप भरायची. जीप लष्कराच्या लिलावातली. चॅसी, म्हणजे खालचा सांगाडा, एका गाडीची, इंजिन दुसरीचं. ती चालवणाऱ्याचं नाव मी कधी विचारलं नाही. बोनेटवर पंजानं थोपटल्याशिवाय तो स्टार्टर मारत नसे.

एका खंडेनवमीला तो बोनेट उघडून जीपची पूजा करत होता. आम्ही उतारू आत बसलो होतो. जुन्या लष्करी गाड्या जमवणारे मुंबईचे एक साहेब आले नि म्हणाले, "इंजिनावरचा नंबर घासून टाक आणि चॅसीचाच ठोकून घे. दोन्ही जुळले की गाडी अस्सल ठरते, मग मागशील ती किंमत देतो."

त्यानं वर पाहिलंसुद्धा नाही. "ह्या इंजिनाची गाडी मेली, सायेब. तिचा नंबर तेवढा उरलाय. त्यो मी नाय पुसनार."

"अरे, कळणार आहे कोणाला?"

"हिला रोज चालू कोन करतं? मीच ना?"

चॅसीच्या नंबराला कुंकू लावलं, तेवढंच इंजिनाच्या नंबरालाही लावलं आणि त्यानं धाडकन बोनेट आपटलं.

"गाडी इकायची नाय. कशेळ्याला यायचं असंल तर मागं बसा."

मी मुद्दाम सरकून साहेबांना जागा करून दिली.