खाऊन टाकलेला मका

तिचं खरं नाव कृषी कार्यालयाच्या हजेरीपटावर होतं आणि तिथेच राहिलं. आसपासच्या वीस-बावीस गावांत तिला सगळे मकाबाई म्हणत, अगदी तोंडावरसुद्धा. तिचा शिंपी नवरा चिडवायला घरातही तीच हाक मारायचा आणि ती सवयीने ओ द्यायची, म्हणजे बघा.

अकरा वर्षं ती स्कूटरला बियाण्याची पिशवी बांधून लहान शेतकऱ्यांच्या दारोदार फिरत होती. कुणाच्याही घरी गेली की पाण्याचा पेला हातात यायच्या आत धान्याचं पिंप कुठे आहे ते विचारायची आणि त्यावर बोटांनी ठोकून बघायची. माणसं ‘भागतंय की’ म्हणतात, पिंपाला काही खोटं बोलता येत नाही. शेतातला मका हाती यायच्या आधीचा एक महिना बहुतेक पिंपं टणटण वाजायची आणि घरोघरी चूल दिवसातून एकदाच पेटायची. त्या एका महिन्याने मकाबाईच्या डोक्यात ठाण मांडलं होतं.

यंदा तिने हट्टाने नवं बी मिळवलं. हा मका जुन्यापेक्षा महिनाभर आधी येणारा. कार्यालयाने प्रयोगापुरतं, म्हणजे तीन घरांना पुरेल एवढंच दिलं आणि वर अट घातली. पीक वाळेपर्यंत उभं ठेवायचं आणि साहेबांसमोर कापून तोलायचं. वजन कागदावर चढलं तर पुढच्या वर्षी साऱ्या गावांना बी मिळणार, नाहीतर विषय संपला.

पहिल्या घरच्या तुकड्यात गुरं शिरली. दुसऱ्या घरच्या भल्या माणसाने, दोन्ही मिळून आणखी चांगलं येईल म्हणून, जुनं आणि नवं बी एकाच टोपलीत कालवून पेरलं. मकाबाईने कपाळाला हात लावला. उरलं टेकडीच्या पायथ्याचं तिसरं घर. नवरा-बायको, तीन पोरं आणि सासूबाई. तिथली वहिनी बोलायला कमी आणि कामाला वाघ, त्यामुळे मकाबाईची सगळी भिस्त तिच्यावर. नेमकं शेवटचे काही आठवडे मकाबाईला प्रशिक्षणासाठी बाहेरगावी जावं लागलं आणि तिकडे फिरकताच आलं नाही.

तोलायच्या दिवशी ती साहेबांना स्कूटरवर मागे बसवून घेऊन आली. साहेबांच्या अंगात कडक इस्त्रीचा शर्ट, मांडीवर तराजू. वाटभर ती नव्या मक्याचे गोडवे गात होती, ते थेट बांधावर पोचेपर्यंत. ओळीच्या ओळी ताठ उभ्या होत्या. धाटं वाळून खडखडीत झाली होती. कणीस मात्र एकाही धाटावर नव्हतं.

“वहिनी, मका कुठाय?”

“खाल्ला,” वहिनी म्हणाली. “महिनाभर आधी येईल म्हणाला होतात, आला. पिंपात दाणा नाही, पोरं भुकेली आणि दारात भरलेली कणसं. मग काय नुसतं बघत बसायचं?”

“सगळा?”

“थोडा भाजून, थोडा उकडून. सासूबाईंना दात नाहीत, त्यांना किसून शिजवला. पण उभं ठेवा म्हणालात ना, ते ठेवलंय. एक धाट कापलं नाही. मोजून घ्या.”

साहेबांनी तराजू या हातातून त्या हातात घेतला. “अहो, मग मी आता तोलू काय? पोरांना?”

“तोला की. मागच्या वर्षीपेक्षा जड भरतील.”

मकाबाईला हसावं की रडावं कळेना. ज्या भुकेच्या महिन्यापायी तिने अकरा वर्षं टाचा झिजवल्या, तो या घरात यंदा आलाच नव्हता. आणि त्यामुळेच वीस-बावीस गावांचं बी हातचं गेलं होतं. तिला वहिनीचा राग येत नव्हता, येऊच शकत नव्हता.

वहिनी दोघांना पाणी द्यायला आत घेऊन गेली. स्वयंपाकघरात चुलीच्या वर, धुराने काळ्या झालेल्या वाशाला, कणसांच्या जुड्या टांगलेल्या होत्या. साली मागे वळवून एकमेकींत गुंफलेल्या, दाणे टपोरे. तीसेक कणसं तरी असतील.

“ही हो कसली?” मकाबाईने विचारलं.

“बियाण्याची. मधल्या ओळींतली चांगली चांगली राखून ठेवली, धाटावरच वाळू दिली, मग काढली. पोरांना सांगून ठेवलं होतं, हात लावाल तर बघा. बी कोण खातं का? शेजारच्या चार घरांना शब्द दिलाय. तुमच्या कार्यालयाचं येवो न येवो.”

साहेब मान वर करून बघत राहिले. मग त्यांनी हौसेने ती सगळी कणसं खाली काढायला लावली, तोलली, आकडा लिहिला आणि खालच्या आवाजात म्हणाले, “बाई, एवढ्यावर मंजुरी मिळायची नाही. खोटी आशा लावत नाही.”

“कळतंय मला,” मकाबाई म्हणाली. तिचं लक्ष कणसांकडे होतं. थोडा वेळ ती घुटमळली. अकरा वर्षं ती देत आली होती, शेतकऱ्याच्या दारात काही मागायची तिला सवय नव्हती. “वहिनी, पलीकडच्या वस्तीत एक घर आहे. त्यांच्यासाठी दोन कणसं द्याल?”

वहिनीने दोनाऐवजी चार काढली, चारही हातात फिरवून बघितली आणि तिच्या ओंजळीत ठेवली.

“घर नीट बघून द्या हं, ताई. हावरी माणसं असतील तर सगळा खाऊन बसतील.”

“तसलंच घर बघून देणार आहे,” मकाबाई म्हणाली.