उष्टावलेली बाजू

आष्ट्याजवळच्या एका मळ्यात चिंचेच्या झाडांना शेकडो वटवाघळं लटकतात. उजाडता उजाडता आम्ही खाली प्लॅस्टिकचा कागद अंथरायचो आणि वरून टपटपणारं सगळं नळ्यांत भरायचो. वटवाघळांमधला एक विषाणू माणसाच्या थेट मेंदूवर जातो. त्यावरच्या लशीसाठी तीन देशांतल्या प्रयोगशाळा एकत्र आल्या होत्या. परदेशातली मंडळी पडद्यावर दिसायची, घाण गोळा करायला मात्र मी.

आसपासच्या चाळीस माणसांचं रक्तही घेतलं. तुलनेसाठी वटवाघळांशी कधीच संबंध न आलेल्या एका माणसाचं रक्त हवं होतं. मी साताऱ्यात, शहरात वाढलेली. मोठ्या तोऱ्यात हात पुढे केला. ‘वटवाघळानं खाल्लेलं फळ कधी खाल्लं आहे का?’ या प्रश्नापुढे गावातल्या सगळ्यांसारखंच मीही ‘नाही’ लिहिलं. नळीवर नाव नसतं, नुसता आकडा. माझा एक्केचाळीस.

दोन महिन्यांनी व्हिडिओ कॉलवर परदेशातल्या प्रयोगशाळेच्या प्रमुख बाई पहिल्यांदाच मोकळं हसल्या. चाळीसच्या चाळीस जण कोरे निघाले होते. एक्केचाळीसच्या रक्तात मात्र त्या विषाणूशी लढल्याच्या जुन्या खुणा होत्या. असं वाचलेलं माणूस लशीसाठी फार मोलाचं, असं त्या म्हणाल्या आणि ते अजून जिवंत आहे ना, असंही विचारलं. मी त्यांच्या समोरच बसले होते.

मग सांगलीजवळच्या मामाच्या परसातलं रायवळ आंब्याचं झाड आठवलं. सकाळी खाली पडलेले, दात लागलेले आंबे आई वेचायची. त्यांना वटवाघळाचे आंबे कुणी म्हणत नसे. पाखरानं उष्टावलेलं फळ सगळ्यांत गोड, ही आमची पक्की समजूत. मी सात वर्षांची असताना एका मे महिन्यात मी आणि धाकटी बहीण एकाच दिवशी तापलो. मी उठले. तिच्या डोक्यात ताप गेला आणि तिसऱ्या दिवशी सांगलीच्या दवाखान्यात ती गेली. तिला कुणाची तरी नजर लागली असं आई मानत आली आणि त्याच आधारावर तिनं दिवस काढले.

तिकडून एक्केचाळीससाठी नवा फॉर्म आला. लहानपणची हकिगत घरच्या मोठ्यांना विचारून लिहायची होती. आयुष्यात पहिल्यांदा मला आईच्या उत्तराची भीती वाटली.

साताऱ्याला गेले तेव्हा ती ओट्यावर मेथी निवडत होती. मामाकडच्या आंब्यांचा विषय काढला, तर तिचा चेहरा खुलला.

“उष्टावल्याली बाजू लय गोड,” ती म्हणाली. “ती कापून मी तिलाच द्यायची, धाकटी म्हणून. तू रुसायचीस.”

मग तिचा हात थांबला. का विचारतेस, म्हणाली. मी काय काम करते ते तिला ठाऊक आहे. सहजच, असं मी म्हटलं. दिवेलागणीला घरावरून काळे पंख जाऊ लागले. पाखरं घरला निघाली, आई म्हणाली. वटवाघळं आत्ता कुठे बाहेर पडत होती, हे मला माहीत होतं.

फॉर्मवर शेवटचा रकाना होता, फळ कोणी दिलं? मी लिहिलं, झाडाखालून मीच वेचलं, आणि बहिणीलाही मीच दिलं.