लाल रेघेच्या वरचा पाऊस

शाळेच्या जिन्याखाली मोडकी बाकं जशी आपोआप साठत जातात, तसे माझ्याकडे हे किस्से साठलेत. मुद्दाम कोणी आणून ठेवत नाही, पण दरवर्षी त्यात भर पडलेली असतेच! मी पोलादपूरच्या वरच्या अंगाला एका हायस्कुलात विज्ञान शिकवते. राहते महाडात. सकाळी एसटीने वर, संध्याकाळी खाली. शाळेतला निसर्ग क्लब माझ्या गळ्यात पडला तो केवळ त्या मीटिंगला मी उशिरा पोचले म्हणून. मला वाटलं होतं, वर्षातून एकदा झाडं लावायची, फोटो काढायचा, संपलं. कसलं संपतंय! या पोरांनी मला जे दाखवलं ते आठवलं की अजून अंगावर काटा येतो.

* * *

सुरुवात साक्षीपासूनच करावी लागेल. तेव्हा ती नववीत होती. काटकुळी, हुशार, कमी बोलणारी. तिची वाडी डोंगराच्या अगदी पोटाशी. मागे मोठा पूर आला त्या वर्षी वाडीच्या वर जमिनीला लांबलचक भेग पडली. डोंगर काही खाली आला नाही, पण भेग राहिली. तेव्हापासून जोराचा पाऊस लागला की ही मुलगी झोपायची नाही. भिंतीला टेकून बसून राहायची आणि दुसऱ्या दिवशी वर्गात पेंगायची.

मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मी आपली हवामान बदलाचा धडा रंगवून शिकवत होते. बर्फ वितळतोय, समुद्र चढतोय, पाऊस वेडावाकडा पडतोय! शेवटी ऐटीत विचारलं, "काही शंका?"

साक्षीने हात वर केला.

"मॅडम, आमची वाडी माझ्या दहावीपर्यंत तरी राहील का?"

वर्गात कोणी हसलं नाही. मी खडू खाली ठेवला.

* * *

त्यानंतर महाडला एक ट्रेनिंग होतं. विषय, मुलांच्या मनातली हवामानाची भीती. म्हटलं, चला, आपल्याच कामाचं! तिथल्या सरांनी एक उपाय शिकवला. डोळे मिटायचे, खोल श्वास घ्यायचा, सावकाश सोडायचा. मी दुसऱ्याच दिवशी क्लबमध्ये तो करून घेतला.

आमच्याकडे प्रथमेश म्हणून एक वल्ली आहे. तोंडाने भलताच तिखट. डोळे मिटल्याबरोबर तो घोरायला लागला. साक्षीने मात्र एक डोळा उघडला.

"मॅडम, मी श्वास घेतल्यावर डोंगर थांबतो का?"

"डोंगर नाही गं थांबणार. तुला जरा बरं वाटेल."

"मला बरं नको वाटायला. मला कळायला पायजे. पाऊस किती झाला की निघायचं?"

आता या प्रश्नाला श्वास कुठून पुरणार! त्याच आठवड्यात आम्ही कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटल्या जमवल्या. वरचा भाग कापून उलटा बसवला, बाजूला पट्टी चिकटवली, झालं पर्जन्यमापक! एक शाळेच्या अंगणात, बाकीचे ज्याच्या त्याच्या वाडीत. तालुक्याच्या ऑफिसातल्या जाणकार माणसाला विचारून प्रत्येक बाटलीवर एक लाल रेघ मारली. त्या रेघेच्या वर पाणी गेलं की डोंगराखालच्यांनी सावध व्हायचं. साक्षी रोज सकाळी माप बघून क्लबच्या ग्रुपवर टाकायला लागली. पाऊस असो, नसो.

* * *

श्रावणातल्या एका सोमवारी सकाळी तिचा फोन आला. "मॅडम, बाटली भरून वाहतेय!"

मी खिडकीतून बघितलं. महाडात लख्ख ऊन. "अगं, तुमच्याकडे पाऊस आहे?"

"एक थेंब नाय!"

मी एसटी पकडून थेट वाडीत. बाटलीपाशी जाऊन बघते तर काय, बाटलीला हळदकुंकू! पायाशी तेरड्याची फुलं, नारळ फोडलेला, आणि बाटली काठोकाठ. साक्षीची आई आणि शेजारच्या बायका पदर सारखा करून उभ्या.

"आमची पोर रोज उठून हिच्यापुढं वाकतेय," साक्षीची आई म्हणाली. "म्हटलं, काहीतरी देवाचंच असंल. आज सोमवार हाय, पूजा करून घेतली."

"ते ठीक आहे हो, पण आत पाणी कशाला ओतलंत?"

"कोरडी होती ओ मॅडम! सोमवारचा देव कोरडा ठेवायचा काय?"

साक्षी हसली. पोट धरून, खाली बसून हसली. मी तिला हसताना प्रथमच बघत होते. तेव्हापासून बायकांनी पाण्याचा तांब्या बाजूच्या तुळशीला द्यायचं ठरवलं, पण कुंकू काही थांबलं नाही. आणि सांगू का, एवढ्या बाटल्या आम्ही लावल्या, कुठे गुरांनी पाडल्या, कुठे पोरांनी पळवल्या. त्या वाडीतल्या बाटलीला मात्र कोणी बोट लावलं नाही.

* * *

प्रथमेशची भीती वेगळ्या जातीची. ती रागातून बाहेर पडायची. "मोठ्यांनी वाट लावून ठेवली आणि आता आम्ही झाडं लावायची!" हे त्याचं पेटंट वाक्य.

भेगेच्या खालच्या उतारावर आम्ही झाडं लावली होती. आमच्याकडे उन्हाळ्यात शेतात राब भाजतात, म्हणजे पेरणीआधी पालापाचोळा जाळून जमीन भाजायची. त्यातली एखादी ठिणगी उडाली की अख्खा डोंगर वणव्यात जातो. म्हणून थंडी सरता सरता पोरांनी झाडांच्या भोवती रुंद पट्टा गवत काढून साफ केला. हाताला फोड आले. प्रथमेश तणतणत होता, "जग जळतंय, नि आपण गवत उपटतोय!"

आणि चैत्रात वणवा आलाच. आम्ही सगळे खालच्या रस्त्यावरून बघत होतो. वर जायला मोठ्यांनी सक्त मनाई केली होती. आग वाऱ्यावर सरसर चढत पट्ट्यापाशी आली. डावीकडे गेली, उजवीकडे गेली, वाट शोधत राहिली. आणि खायला काही मिळेना म्हणून बसली! आजूबाजूला सगळं काळं, मधे आमचा हिरवा तुकडा. मी आयुष्यात देवळात जेवढ्या मनापासून हात जोडले नसतील तेवढ्या तिथे रस्त्यावर जोडले.

प्रथमेशचं तोंड उघडं ते उघडंच. मग तो हमसाहमशी रडायला लागला.

"रडतोस काय रे?" साक्षी म्हणाली. "वाचली ना झाडं!"

"म्हणूनच!" तो म्हणाला.

* * *

पुढच्या पावसाळ्याच्या तोंडाला साक्षीने गावकी बोलवायला लावली. गावकी म्हणजे वाडीची बैठक. तिचा मुख्य साक्षीचाच आजा. सगळे त्याला आबा म्हणतात आणि आबांचा शब्द वाडीत शेवटचा. आमच्याकडे अर्धी वाडी मुंबईला, त्यामुळे बैठकीत मधोमध एक फोन स्पीकरवर ठेवलेला असतो. त्यात मुंबईकर!

साक्षी उभी राहिली. हातात बाटली. "पाणी लाल रेघेच्या वर गेलं की सगळ्यांनी खाली शाळेत जायचं. डोंगर येवो न येवो."

आबा उसळले. "बाटलीच्या सांगण्यावरनं घर सोडायचं? मी हितं जन्मलो, डोंगर मला वळखतो!"

साक्षीचा चेहरा उतरला. मी तोंड उघडणार, तेवढ्यात फोनमधून तिच्या काकाचा आवाज आला.

"आबा, हिकडं पाऊस लागला ना, आमच्या चाळीत आपल्या वाडीतला एक माणूस झोपत नाय. सगळे फोन घेऊन बसतात. पोरगी सांगते ते ऐका."

आबा फोनकडे बघत राहिले. मग ओरडले, "तुला जागायला काय जातंय तिकडं? म्हशी कोण उतरवणार?"

यालाच आमच्याकडे होकार म्हणतात!

* * *

आता हा शेवटचा. आधीच सांगून टाकते, त्या दिवशी डोंगर आला नाही. उगाच जीव मुठीत धरून ऐकू नका.

पाऊस सकाळपासून असा की समोरचं झाड दिसेना. मुख्याध्यापकांनी शाळेला सुट्टी दिली, पण मी वरच अडकले होते. दुपारी साक्षीचा मेसेज आला. "रेघेच्या वर." बस, एवढाच.

मी व्हरांड्यात उभी राहिले. मनात म्हटलं, येतील का हे लोक? आणि आले नाहीत तर यापुढे या पोरीचं कोण ऐकणार?

थोड्या वेळाने पावसातून ओळ दिसली. पुढे म्हशी, म्हशींच्या मागे आबा, मग बायका, डोक्यावर बोचकी, कडेवर पोरं, कुणाच्या काखेत कोंबडी. सगळ्यांच्या मागे साक्षी, कोणी मागे राहिलं नाही ना ते बघत. अख्खी वाडी! माझ्या डोळ्यांतून पाणीच आलं.

मोठ्या वर्गात सगळे बसले. चहा झाला. कोणी आबांना चिडवलं, "डोंगर तर जागचा हलला नाय, आबा!" आबांनी चहाची बशी तोंडाला लावली. साक्षी मात्र एकेक घर मोजल्यासारखी सगळ्यांचे चेहरे बघत फिरली आणि मग खिचडीच्या तांदळाच्या पोत्यांपाशी जाऊन बसली. शाळेतल्या बाटलीचं माप तासातासाने तिनेच घ्यायचं ठरलं होतं.

पत्र्यावर पाऊस असा कोसळत होता की शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना. मी माप घ्यायची वेळ झाली म्हणून तिला हाक मारायला वळले.

ती पोत्यांवर आडवी झाली होती. तोंड किंचित उघडं, एक हात खाली लोंबतोय. गाढ.

तिच्या आईने बघितलं आणि तोंडावर पदर घेतला. एका बाईचं तान्हं रडायला लागलं, तर ती उठून त्याला व्हरांड्याच्या पार टोकाला घेऊन गेली. मदतीला आलेला प्रथमेश दारातून धावत आत शिरला, काहीतरी ओरडणार, तर दोघांनी त्याचं तोंड दाबलं. बघता बघता सगळा वर्ग गप्प. बाहेर फक्त पाऊस.

आबा उठले. घोंगडी डोक्यावर घेतली आणि अंगणात गेले. मी दारातून बघत होते. भर पावसात ते बाटलीपुढे वाकले, डोळे बारीक केले, पट्टीवरून बोट फिरवून पुन्हा पुन्हा खात्री करून घेतली. निथळत आत आले.

"किती झालं, आबा?" मी विचारलं.

आबांनी ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोला, मॅडम. पोर झोपलीय."