रिकाम्या नळीचं वजन

प्रा. महालिंग देवणे गेल्याचं मला किशनने फोनवर सांगितलं. "सर, देवणे सर गेले…" एवढं म्हणून तो थांबला. मग म्हणाला, "आंघोळ झाली, लिंगपूजा झाली, चहा झाला, अन् गेले. सगळं वेळेवर केलं." देवणे सरांनी आयुष्यात वेळेवर केलेली ही पहिलीच गोष्ट, हे दोघांच्याही मनात एकदमच आलं असावं. कारण आम्ही दोघांनीही एकदमच फोन ठेवला.

आम्ही तिघं परभणीच्या एकाच कॉलेजात होतो. देवणे रसायनशास्त्र शिकवायचे, मी मराठी, आणि किशन त्यांच्या प्रयोगशाळेत परिचर होता. देवण्यांना सगळे अप्पा म्हणत. मूळचे चारठाण्याचे, घरचं कापडाचं दुकान, कपाळावर भस्माचे तीन पट्टे आणि त्याखाली जाड भिंगांचा चष्मा. त्यांच्या पीएच.डी.चा विषय होता 'लँथनाइड आयनांचे वर्णपटीय आणि चुंबकीय गुणधर्म'. हा विषय कुणालाही समजावून सांगता येतो, अशी त्यांची श्रद्धा होती आणि स्टाफरूममध्ये चहा घेणाऱ्या प्रत्येकाला ती भोगावी लागे. "अहो मराठीवाले, सोपं आहे. निओडायमियमचे जे इलेक्ट्रॉन रंग दाखवतात ना, ते घराच्या पार आतल्या खोलीत बसलेले. ओसरीवर कोण आलं, कोण गेलं, त्यांना पत्ताच नाही. म्हणून शेजारी कोणीही आणून बसवा, रंग जवळपास तोच." मी विचारलं, "आणि युरेनियम?" "त्याचे उंबऱ्यात उभे असतात. बाहेर काय चाललंय ते डोकावून बघायची सवय. आपल्या प्राचार्यांसारखे." प्राचार्य शेजारच्याच खुर्चीत होते. अप्पांना त्याचाही पत्ता नव्हता.

चुंबकत्व मोजायला त्यांनी संस्थेकडून एक मोठा विद्युतचुंबक मिळवला होता. त्याच्या दोन ध्रुवांच्या मध्ये काचेची बारीक नळी तराजूला टांगायची, नळीत पदार्थ भरायचा, वीज सुरू करायची आणि वजनात किती फरक पडतो ते बघायचं. पद्धत एवढीच. उद्घाटनाला संस्थेचे अध्यक्ष आले. हार, नारळ, सतरंजी सगळं झालं. अध्यक्षांनी चुंबकावरून हात फिरवत विचारलं, "हे किती क्विंटल उचलतं?" अप्पा म्हणाले, "काहीच उचलत नाही, साहेब. ही नळी जराशी खाली ओढतं. दिसणारसुद्धा नाही." अध्यक्षांचा चेहरा पडला. "मग एवढं मोठं कशाला आणलं?" पण खरा घोटाळा पुढेच झाला. चुंबक सुरू असताना अध्यक्षांचा हात त्यावरच होता, आणि हातातलं परदेशी घड्याळ बंद पडलं. भाषणात ते मधूनमधून घड्याळ बघत होते. घड्याळात वेळ होत नव्हती, त्यामुळे भाषण संपत नव्हतं. विज्ञानाच्या उपकरणाने आमच्या संस्थेचं केलेलं एवढं नुकसान मी पुन्हा पाहिलं नाही.

ते अठ्ठ्याहत्तर साल. त्याच पावसाळ्यात विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. किशन बौद्ध. त्याच्या गावात त्यांची घरं जाळली, त्यात त्याचंही गेलं. काही दिवसांनी तो दुसऱ्याच कुणाचा तरी सैल शर्ट घालून कामावर आला आणि नेहमीसारखा परीक्षानळ्या विसळायला लागला. अप्पा बराच वेळ त्याच्या पाठीकडे बघत उभे होते. मी चहाला बोलवायला गेलो होतो, म्हणून पुढचं मला ऐकता आलं. "किशन, माझ्या प्रबंधाच्या पहिल्या पानावर विद्यापीठाचं नवं नाव असेल. ते होईपर्यंत मी प्रबंध देणार नाही." किशनने नळ बंद केला. "सर, नाव आमी आणू," तो म्हणाला. "तुमी तेवढं रीडिंग घ्या."

गोष्ट गावभर झाली. स्टाफरूममधल्या काहींनी अप्पांबरोबर चहा सोडला, आणि त्यामुळे तरी ते आयनांपासून सुटले. चारठाण्याहून थोरले भाऊ येऊन ओरडून गेले, "तुझ्यापायी गिऱ्हाईक तुटायलंय दुकानाचं! तुला काय करायचंय रे नावाशी?" अप्पांनी त्यांना निओडायमियमच्या द्रावणाची सीलबंद नळी दाखवली. ट्यूबलाइटखाली निळसर दिसणारं ते पाणी साध्या बल्बखाली धरलं की जांभळट व्हायचं. भाऊंनी ते दोनदा पाहिलं आणि जाताना ते म्हणाले, "ह्याला काही तरी झालंय."

मला मात्र अप्पांच्या प्रतिज्ञेची शंका होती. कारण प्रतिज्ञेच्या आधीही प्रबंध कुठेच चालला नव्हता. एकदा मी तोंडावर विचारलं, "अप्पा, हा त्याग आहे का आळस?" त्यांनी चष्मा पुसला. "दोन्हींचा वर्णपट सारखाच दिसतो हो, मराठीवाले." किशन तर दर वर्षी टोमणा मारायचा. नामांतराच्या मोर्च्याला जाताना रजेचा अर्ज अप्पांपुढे ठेवायचा आणि म्हणायचा, "आमी निघालो आमच्या कामाला. तुमचं काम कुठवर आलंय?"

काम खरं तर एका चमत्कारावर अडलं होतं. अप्पांच्या प्रयोगशाळेत निओडायमियम दर दसऱ्यानंतर थोडा जास्त चुंबकीय व्हायचा. थंडी पडली की चुंबकत्व वाढतं, हे पुस्तकातही आहे, असं ते सांगत. "मग चैत्रात उतरत का नाही?" असं मी विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "तेच तर संशोधन आहे!" मार्गदर्शकांनी पत्रांना उत्तर देणं सोडलं. अप्पांनी त्याचा अर्थ, तेही विचारात पडले आहेत, असा लावला.

चौऱ्याण्णवच्या जानेवारीत नामविस्तार जाहीर झाला. दुसऱ्या दिवशी किशन पेढ्यांचा पुडा घेऊन प्रयोगशाळेत आला. नवा शर्ट, या वेळी स्वतःच्या मापाचा. अप्पांच्या हातावर पेढा ठेवून तो म्हणाला, "सर, आमचं काम झालं. तुमचं?"

अप्पांनी पेढा तोंडात टाकला. तो तिथेच राहिला. काहीतरी करायचं म्हणून त्यांनी चुंबक सुरू केला आणि रिकामी नळीच तराजूला टांगली. रिकामी काच चुंबकापासून किंचित ढकलली जाते, वजन कमी भरतं, हे ते पहिल्या वर्षाच्या पोरांनाही सांगत. पण काटा उलट्या बाजूला गेला. रिकामी नळी खाली ओढली जात होती. अप्पांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. काटा जागचा हलला नाही. मग त्यांनी नळी डोळ्यांजवळ नेली आणि एकदम कपाळावर हात मारला. "टिळा!"

सगळा उलगडा त्या एका शब्दात होता. दर खंडेनवमीला अप्पा उपकरणांची पूजा करायचे. किशन पूजेला बाजूला उभा राहायचा. "मी न्हाई लावणार, सर. तुमचं तुमी लावा," म्हणायचा, आणि अप्पा निमूटपणे लावायचे. काचेवर कुंकू टिकत नाही, म्हणून ते डिंकात गेरू कालवून नळीला टिळा लावत, आणि पूजेचा टिळा पुसायचा नसतो म्हणून तो वर्षभर जपत. पुढच्या खंडेनवमीला त्यावरच दुसरा. गेरू म्हणजे शेवटी लोखंडाचीच माती. रिकाम्या नळीचं माप त्यांनी अगदी सुरुवातीला एकदाच घेतलं होतं. "नळी तीच आहे, ती काय बदलणार?" असं त्यांचं म्हणणं होतं. नळीवर इतक्या वर्षांची खंडेनवमी चढली होती आणि अप्पा ती निओडायमियमच्या खात्यावर घालत होते.

किशन इतका हसला की त्याला स्टुलावर बसावं लागलं. अप्पा हसले नाहीत. अप्पांनी हे कळवल्यावर मार्गदर्शकांनी एवढ्या वर्षांनी निरोप धाडला, आता तुमची निवृत्ती आली, आकडे जरा जुळवून घ्या आणि मोकळे व्हा. ते मीही सुचवलं. अप्पा माझ्यावर पहिल्यांदा आणि शेवटचे चिडले. "त्या नावासाठी ह्याचं घर जळलं हो. त्या नावाखाली मी गेरू विकू?" माझी शंका तिथे संपली. तो उन्हाळा त्यांनी टिळा खरवडून सगळी मापं पुन्हा घेण्यात घालवली. वीज असेल तेव्हा अप्पा, किशन आणि कधीकधी मी. माझ्याकडे पंखा बंद करण्याचं काम होतं, कारण पंख्याच्या वाऱ्याने तराजू हलायचा.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या गृहस्थांनी विचारलं, "तुमचे सगळे आकडे पुस्तकातल्यासारखेच आहेत. यात नवीन काय?" अप्पा शांतपणे म्हणाले, "काही नाही, सर. तेवढंच सिद्ध करायला सोळा वर्षं लागली." पदवी मिळाली. बांधून आलेली पहिली प्रत त्यांनी किशनच्या हातात दिली. किशनने विषय वाचला नाही. मुखपृष्ठावरच्या विद्यापीठाच्या नावावरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "झालं बरं का सर. आता तुमी घरी जायला हरकत न्हाई." मग खिशातून रुमाल काढून त्याने आधी मुखपृष्ठ पुसलं आणि नंतर डोळे.

पुढे कॉलेजने तो चुंबक भंगारात काढला. तराजूचा लाकडी स्टँड आणि ती नळी अप्पांनी घरी नेली. परवा खंडेनवमीला देवणे वहिनींनी आम्हा दोघांना बोलावलं. "यंदा सण नाही," त्या म्हणाल्या, "पण ह्यांची नळी तशीच राहिलीय… मला हात लावू वाटंना." स्टँड त्यांच्या खोलीत खिडकीशी होता, नळी आकड्याला टांगलेली, शेजारी निओडायमियमचं ते द्रावण. वाटीत गेरू कालवलेला. मी किशनकडे पाहिलं. "मी मानत न्हाई, सर," तो म्हणाला. "मीही मानत नाही," मी म्हणालो. वहिनी दाराबाहेरच थांबल्या होत्या; खोलीत मानणारं माणूस उरलं नव्हतं, आणि तरी वाटी समोर होती. शेवटी मीच गेरूत बोट बुडवलं आणि हात पुढे केला. किशनने झटकन माझं मनगट धरलं आणि बोट खाली लाकडी पायाकडे वळवलं.

"हितं लावा. नळीला नको, सर… रीडिंग वाढतं."