दगडानं न प्यालेलं पाणी

उखर्डूआबा आमच्या रावेर भागात विहिरी खोदायचे. माणूस भला, पण हट्टी. मूल होईपर्यंत लेकीच्या घरचं पाणी प्यायचं नाही, हा त्यांच्या घराण्याचा नेम. त्यांची लेक बेबाबाई आमच्या शेजारी दिलेली; तिच्या लग्नाला वर्षं उलटली, तिला मूल झालं नाही. आबा यायचे ते खांद्याला आपली पाण्याची छागल लटकवून, आणि ती छागल पाहिली की लेकीचा चेहरा उतरायचा. मला त्यांचा भारी राग यायचा. जित्याची खोड मेल्याशिवाय जायची नाही, म्हणायचो.

एक्याण्णवच्या उन्हाळ्यात बेबाबाईच्या केळीच्या मळ्यातली विहीर आटली. नवी खोदायला आबाच आले.

"आबा, ह्या विहिरीचं पानी तं तुमच्या हातचं. ते प्याल ना?" तिनं विचारलं.

"पेईन, पोरी," आबा म्हणाले. त्या दिवसापासून ती रोज विहिरीच्या काठावर येऊन उभी राहायची.

रेती लागली म्हणजे पाणी आलंच, हा आबांचा जन्माचा अनुभव. एका सकाळी खालून आबांची आरोळी आली, "रेती लागली!" बेबाबाईच्या सासू ताईबाईंनी गूळ वाटला. दुपार झाली तरी खड्डा कोरडाच. रेतीवर पहार खणखणत होती.

मी शाळेत भूगोल शिकवायचो, म्हणून बेबाबाईनं मला बोलावलं. खालून आलेलं ढेकूळ मी फोडून पाहिलं.

"आबा, ही रेती फार खोल गाडली गेली. वरच्या ओझ्यानं कण एकमेकांना भिडले. उरल्या फटींत चुन्याचं पाणी मुरलं नि चुना तिथेच बसला. लाह्यांच्या लाडवात गूळ थिजतो ना, तसं. दगड झाला त्याचा, पाण्याला जागाच उरली नाही. कधीतरी झिरपतं पाणीच हा चुना विरघळवून फटी मोकळ्या करील. पण त्याला आपलं आयुष्य पुरायचं नाही."

आबांना पटेना. ते पुन्हा खाली उतरले आणि सगळी छागल त्या रेतीवर ओतली. पाणी वरच साचून राहिलं.

वर आले तेव्हा ओठ सुकले होते. "फसलो गं, बेबी," एवढंच म्हणाले. मला त्यांची फार दया आली.

बेबाबाई मळ्यातल्या झोपडीत ठेवलेल्या आपल्या घरच्या माठातून तांब्या भरून घेऊन आली.

"आबा, दगडानं नई पेलं. तुम्ही तं प्या."

आबांनी दोन्ही हातांनी तांब्या घेतला, तळापर्यंत प्यायले आणि रिकामा तांब्या पुन्हा तिच्यापुढं धरला.